एजंटला पबमेड जोडताना

संशोधन शोधणाऱ्या एआय एजंटला सुरुवातीलाच दहा साधनं जोडू नका. फक्त पबमेड, म्हणजे वैद्यकीय संशोधन-लेखांची मोफत सूची, घ्या. ती चालवणाऱ्या एनसीबीआय या अमेरिकी संस्थेच्या ई-युटिलिटीजमधली (कोडमधून पबमेड वापरायची साधनं) ईसर्च आणि ईफेच ही दोन पुरेत. ईसर्च फक्त पीएमआयडी, म्हणजे लेखांचे क्रमांक देतं. सारांश ईफेचकडून येतो. बहुतेक नवखे इथेच फसतात: एजंटच्या हाती नुसते क्रमांक पडतात आणि शीर्षक, निष्कर्ष तो स्वतःच रचतो, तेही अगदी खरे वाटतील असे! म्हणून प्रत्येक विधानापुढे पीएमआयडी मागा आणि तो ईफेचच्या उत्तरात खरंच आहे का, हे कोडने तपासा. एजंटलाच विचारून नव्हे.

आणखी दोन चुका टाळा:

- एपीआय की (एनसीबीआयकडून मिळणारा वापरकर्त्याचा कोड) नसेल तर सेकंदाला ३ विनंत्या चालतात, मोफत की घेतल्यास १०. एजंट एकदम पाच-सहा सोडतो आणि ४२९ एरर (‘विनंत्या फार झाल्या’) येते. वेगमर्यादा फंक्शनमध्येच घाला, प्रॉम्प्टमध्ये सांगून भागत नाही.
- ईसर्चला रेटमॅक्स (किती क्रमांक हवेत तो आकडा) दिला नाही तर २०च क्रमांक येतात. एकूण संख्या ‘काउंट’मध्ये असते, तीही एजंटला दाखवा, नाहीतर ‘एवढंच संशोधन झालंय’ असं तो ठामपणे सांगेल.

एमसीपी सर्व्हर (एजंटला साधनं जोडायची प्रमाणित पद्धत) नंतर. आज तुमच्या चांगल्या ओळखीच्या एका लेखावर दोन्ही फंक्शनं स्वतः चालवून बघा, नक्की जमेल.