आजोबांची पद्मिनी : विकण्याआधी, ठेवण्याआधी

प्रिय पोरी,

तुझं पत्र वाचलं. नाशिकचा गंगापूर रोडचा बंगला बिल्डरला दिलाय, मार्चपर्यंत पोर्च रिकामा करायचाय, तुला बंगळूरला रुजू व्हायचंय, आणि आजोबांची १९७८ ची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली जुनी फियाट, तिथेच उभी आहे. विकू की ठेवू, असं तू विचारलंस. पण ज्या बाईच्या वडिलांची ती गाडी, त्या तुझ्या आईला काय वाटतं याबद्दल पत्रात एक अक्षरही नाही. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

गाडी अजून आजोबांच्याच नावावर आहे, असं तूच लिहिलंयस. त्यांनी मृत्युपत्र केलं नसेल, तर वारस म्हणजे तुझी आई आणि मामा. आजी तर आता नाहीत. तुझा त्या गाडीवर कितीही जीव असला, तरी विकण्याचा किंवा ठेवण्याचा हक्क तुझा नाही. हे कठोर वाटेल, पण मला यात तुझी सुटकाच दिसते. एवढं ओझं तू एकटीने उचलायचं कारण नाही.

मालक गेल्यावर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करून घ्यायची, असा नियम आहे. मुदत उलटली म्हणून घाबरू नकोस, दंड भरून काम होतं. मृत्यूचा दाखला आणि मामांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र तयार ठेव. खाजगी गाडीची नोंदणी पहिली पंधरा वर्षं चालते, मग दर पाच वर्षांनी गाडी तपासणीला नेऊन नूतनीकरण करावं लागतं. ते शेवटचं कधी झालं, हे आरसी बुकात पाहा. चुकलं असेल तर दर महिन्याचं विलंब शुल्क चढत असतं. पर्यावरण कर, पीयूसी आणि थर्ड पार्टी विमा, हेही त्याच फेरीत उरकून घे.

पेठ रोडला आरटीओबाहेर एखादा म्हणेल, ‘कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करा, पुढचं मी बघतो.’ हे गाडी विकून दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म. सही करू नकोस, आणि आईलाही करू देऊ नकोस. गाडी कागदावर ज्याच्या नावे, अपघाताची भरपाई त्याच्याच गळ्यात येते, मग गाडी प्रत्यक्षात केव्हाच विकून टाकलेली का असेना. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्वच्छ सांगितलंय. आणखी एक. पंधरा वर्षांवरची पेट्रोल गाडी भंगारातच घालावी लागते, असं तुला कुणीतरी सांगितलंय. तो निर्बंध दिल्ली आणि आसपासच्या पट्ट्यातला. आपल्याकडे गाडी तपासणीत पास झाली की चालते.

आता गाडीकडे येऊ. इतके दिवस उभ्या असलेल्या गाडीला नवी बॅटरी लावून सेल्फ मारायचा मोह होईल, तो टाळ. आधी टाकीतलं जुनं पेट्रोल काढ. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं थोडं ऑइल सोड आणि इंजिन हाताने फिरवून पाहा. सहज फिरलं तर अर्धी काळजी मिटली, कारण हे १०८९ सीसीचं इंजिन साधं आहे आणि दुरुस्तीला मोठं मन दाखवतं. ब्रेक मात्र पूर्ण उघडायला लाव. चारही चाकांना ड्रम आहेत, आत व्हील सिलिंडरची रबरं फुगून चिकटलेली असणार. उंदरांनी वायरिंग कुरतडलंय का, तेही पाहा. पेट्रोलच्या नळ्या, पंपाचा डायफ्रॅम, कार्बोरेटरचे गॅसकेट सरसकट बदल. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि त्या काळातलं रबर त्यासाठी केलेलंच नव्हतं. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढतं, म्हणून टाकी भरून गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवणं पूर्वीपेक्षा जास्त नडतं.

पण या गाडीचं आयुष्य पत्र्यावर ठरतं. पद्मिनीला वेगळी चासी नाही. बॉडी हाच तिचा सांगाडा. त्यामुळे तळाचा पत्रा कुजला तर प्रश्न नुसत्या दिसण्याचा राहत नाही. मॅट उचल, पेचकसाचं टोक तळावर, जॅक लावायच्या जागांवर, दारांच्या खालच्या कडांवर आणि डिकीत स्टेपनीच्या खोबणीत दाबून पाहा. आत गेलं तर तिथे कापून नवा पत्रा जोडावा लागेल. वरून लांबी (पुट्टी) भरून रंग मारून देणारे पुष्कळ भेटतील, त्यांना गाडी देऊ नकोस. आपलं हवामान मुंबईच्या खाऱ्या हवेपेक्षा पत्र्याला बरंच मानवतं, त्यामुळे मला आशा आहे. पत्र्याचा अंदाज आणि इंजिनाचा अंदाज वेगवेगळे लिहून घे. नाशिकमध्ये तुला एक मोठी सोय आहे. किंगपिन, बुश अशा पुढच्या चाकांच्या जोडणीतल्या भागांची कामं अंबड-सातपूरचे लेथवाले नमुना पाहून करून देतात. तुझे आजोबा असाच नमुना रुमालात बांधून आमच्या वर्कशॉपला यायचे आणि माझ्या विद्यार्थ्यांना तो भाग काय काम करतो ते समजावून सांगायचे. सुट्या भागांची वाट मात्र अरुंद होत चाललीय. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे माल फिरता राहायचा. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली.

तुझ्या मामेभावाचं म्हणणं, अजून थोडी थांबा, व्हिंटेज झाली की सोन्याचा भाव येईल. मला पटत नाही. कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी जवळजवळ २००० सालापर्यंत निघत होत्या. ही दुर्मीळ गाडी नव्हे. २०२१ च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, तुमची २०२८ मध्ये त्यात बसेल. नोंदणीला वीस हजार रुपये लागतात, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात. पण मग ती रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांनाच बाहेर काढायची. रोज वापरता येत नाही. आजोबांनी ती कधी प्रदर्शनासाठी घेतली नव्हती. फियाटसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे, त्या काळात घेतलेली घरची गाडी आहे ती. गुंतवणूक म्हणून ठेवायची असेल तर आजच वीक.

मला स्वतःला विचारशील, तर सगळं एका गोष्टीवर येतं: दर आठवड्याला तिला कोण चालवणार? भाड्याच्या शेडमध्ये कव्हर घालून उभी केलेली गाडी ठेवली असं मी मानत नाही. सील वाळतात, ब्रेक धरतात, टायरला चिरा पडतात, आणि काही वर्षांनी तीच गाडी कुणीतरी वजनावर नेतो. आजोबांची गाडी तशी जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

तू तर बंगळूरला असशील. भावाला स्टेअरिंगवरचा गिअर टाकता येत नाही आणि शिकायचीही इच्छा दिसत नाही. राहिली आई. तुला माहीत आहे की नाही कोण जाणे, पण कॉलेजात असताना ती हीच गाडी त्र्यंबकेश्वरपर्यंत चालवायची, आजोबा शेजारी बसायचे. हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलंय, आणि सांगताना त्यांचा चेहरा खुललेला असायचा. लग्नानंतर तिने ती का सोडली, हे तूच तिला विचार. गाडी चालू झाली की एखाद्या रविवारी सकाळी, रस्ता मोकळा असताना, गिरणाऱ्यापर्यंत तिला चालवू दे. तू शेजारी बस आणि मत देऊ नकोस.

ती ‘मी चालवीन’ म्हणाली, तर ठेवा. नव्या फ्लॅटच्या करारात झाकलेलं पार्किंग आत्ताच लिहून घ्या, आणि नोंदणी आईच्या नावावर करा. ती म्हणाली की गाडी राहू दे पण चालवायला नको, तर माझा सल्ला विकण्याचा आहे, पुढच्या पावसाआधी. तेव्हा भाव थोडा कमी आला तरी स्वतः चालवणारा माणूस निवड, जमल्यास नाशिकचाच. हॉटेलच्या दारात शोभेला उभी करायला मागतील, त्यांना देऊ नकोस. पत्रा कुठे जोडलाय, इंजिन कधी उघडलंय, सगळं खरं सांग. जुन्या गाड्यांचे जाणते लोक असेही खाली वाकून बघतातच. पैसे आणि ताबा एकाच दिवशी, ताब्याच्या पावतीवर तारीख-वेळ घाल, आणि नाव बदललेलं आरसी हातात पाहिल्याशिवाय पाठपुरावा सोडू नकोस.

या आठवड्यात मामांना फोन कर. आरसी बुकाचा फोटो मला पाठव. नूतनीकरणाची तारीख पाहून कुठला अर्ज आधी करायचा ते कळवतो. ब्रेक उघडायला माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी एकाला पाठवीन, तो घाई करणारा नाही. आईला माझा नमस्कार सांग.

तुझे,
सर