२४ एचपीच्या ट्रॅक्टरला १२ हजार पौंडाची विंच नको भाऊ, छोटी घ्या आणि सोबत कप्पी घ्या

भाऊ, काटोलकडे संत्र्याची बाग, २४ एचपीचा मिनी ट्रॅक्टर, डिंक्यानं वाळलेली झाडं उपटायची आहेत आणि पावसाळ्यात फसलेली ट्रॉली काढायची आहे, त्यासाठी जीपची १२ हजार पौंडाची इलेक्ट्रिक विंच, म्हणजे मोटरनं ड्रमवर दोर गुंडाळून ओढणारं यंत्र, समोर लावू का आणि ती ट्रॅक्टरच्याच बॅटरीवर चालेल का, असं तुम्ही विचारलं. विंच जरूर लावा, बागेत लई कामाची चीज आहे. पण ही जी तुम्ही पाहून राहिले ती नका घेऊ.

१२ हजार पौंड म्हणजे जवळपास साडेपाच टन. मिनी ट्रॅक्टर सगळा मिळून भरते सात-आठशे किलो, फार तर नऊशे. विंच दोर ओढते तेव्हा जेवढा जोर झाडाला लागते तेवढाच ट्रॅक्टरलाही लागते, झाड नाही हललं तर ट्रॅक्टर झाडाकडे सरकणार. ओल्या काळ्या मातीत ब्रेक लावून उभा केलेला ट्रॅक्टर आपल्या वजनाच्या निम्म्या जोरातच घसरू लागते, म्हणजे चारशे किलोच्या आसपास. मग साडेपाच टनाची विंच लावून करायचं काय? वरून ती विंच एकटीच ३५-४० किलोची असते आणि पूर्ण लोडवर ४०० अँपिअर खाते, मिनी ट्रॅक्टरची बॅटरी ते दोन मिनिटंही नीट देत नाही.

तुम्हाला साडेतीन ते साडेचार हजार पौंडाची पुरते, म्हणजे दीड ते दोन टन, क्वाड बाइकला लावतात ती साइज. आणि हा आकडाही ड्रमवर दोराचा शेवटचा एकच थर उरला असेल तेव्हाचा असते. वर थर चढत गेले की थरागणिक जोर दहा-बारा टक्के कमी होतो. म्हणून ओढायच्या आधी दोर भरपूर सोडून घ्यायचा आणि ट्रॅक्टर लांब उभा करायचा. पण स्टीलचा दोर असेल तर निदान पाच वेढे ड्रमवर राहू द्या, दोराचं टोक ज्या स्क्रूनं अडकवलेलं असते तो लोड घ्यायसाठी नसतोच, लोड त्या वेढ्यांची पकड घेते.

आता कप्पीचं. बाजूनं उघडणारी येते ती घ्या, विंचच्या आकड्याच्या दुप्पट कपॅसिटीची. कप्पी वाळलेल्या झाडाला बांधायची, विंचचा दोर तिच्यातून वळवून परत आणायचा. इथं बहुतेक जण दोराचं टोक परत ट्रॅक्टरलाच हुकात अडकवतात. तसं केलं तर झाडावर दुप्पट जोर येते खरा, पण ट्रॅक्टरवरही दुप्पटच येते आणि तो घसरते. त्यापेक्षा टोक ट्रॅक्टरच्या बाजूच्या धुऱ्यावरच्या बाभळीला नाहीतर कडुलिंबाला बांधा. झाडाला दुप्पट, ट्रॅक्टरला एकपट, बाकीचा अर्धा बाभूळ घेते. दोन्ही दोर शक्य तितके समांतर असू द्या, फाकले की फायदा घटतो. वेग अर्धा होतो, होऊ द्या. फक्त राजेहो, चालू संत्र्याच्या झाडाला दोर बांधू नका, खोडाची साल फाटली की तिथूनच डिंक्या घुसतो. बाभळीलाही रुंद पट्टा लावा, नुसता वायर रोप नको.

बसवायची कुठं, तर माझं मत मागे, थ्री पॉइंटवर, म्हणजे नांगर-रोटाव्हेटर जोडतात त्या तीन पिनांच्या जागी. समोरच्या बाजूला वजनाचा ब्रॅकेट असते त्यावर बसवतात लोक, आणि ट्रॅक्टर स्वतः फसला तर स्वतःला काढायला ते बरंही पडते. पण मिनी ट्रॅक्टरला जीपसारखी चेसिस नसते, इंजिन, क्लचचं घर आणि गिअरबॉक्स हेच एकमेकाला बोल्टनं जोडून बॉडी झालेली असते, आणि समोरचा एक्सलचा सपोर्ट इंजिनला बोल्टवर लटकलेला असते. त्याच्यावर वाळल्या झाडाचे झटके रोज द्यायचे नाहीत.

मागची फ्रेम अशी करून घ्या. १०० बाय ५० च्या चॅनलची चौकट, खाली दोन पिना २२ एमएमच्या, वर टॉप लिंकला १९ एमएमची, हे कॅटेगरी एकचं माप झालं, पण वेल्डरकडे जायच्या आधी आपल्या ट्रॅक्टरच्या पिना मोजून घ्या. विंच खालच्या पिनांच्या लेव्हललाच, १० एमएम प्लेटवर, बोल्ट ८.८ ग्रेडचे. आणि चौकटीच्या खाली पूर्ण रुंदीची एक जाड पट्टी, खालून धार दिलेली. ओढताना लिफ्ट खाली सोडली की ही पट्टी मातीत रुतते आणि जोर टायरवर न येता सरळ जमिनीत जातो. जंगलात लाकूड ओढायच्या पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर, चालणाऱ्या विंचा असतात त्यांच्या खाली अशीच ब्लेड असते. या एका पट्टीनं तुमचा चारशे किलोवर घसरणारा ट्रॅक्टर कितीतरी जास्त जोर झेलते. फ्रेम नागपूरच्या इतवारीच्या लोहाओळीतून माल आणून गावातला वेल्डरही करून देईल, फक्त वेल्डिंग दोन्ही बाजूंनी करा म्हणावं.

उंचीबद्दल जरा थांबून वाचा, कारण इथं माणूस मरते. समजा ट्रॅक्टर ८०० किलोचा, त्यातलं ३२० किलो समोरच्या चाकांवर, पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर दीड मीटर. मागून दोर ९० सेंटीमीटर उंचीवरून ओढला तर साधारण ५३० किलो जोरातच समोरची चाकं उचलतात. तोच दोर ३५ सेंटीमीटरवर आणला तर १३०० किलोच्या पुढं जाऊन उचलतील, म्हणजे त्याच्या आधी बहुतेक वेळा ट्रॅक्टरच घसरेल. म्हणून टॉप लिंकच्या जागेवर, सीटच्या मागे, मडगार्डच्या लेव्हलला विंच कोणीही लावू नका. समोर वजनं ठेवा. आणि दोर कायम ट्रॅक्टरच्या मधल्या रेषेत, आडवा ओढला तर हा अरुंद ट्रॅक्टर बाजूला पलटतो, बागेत तर ट्रॅक्टर अरुंदच घेतलेले असतात. झाड बाजूला असेल तर ट्रॅक्टर वळवून घ्या, नाही वळला तर कप्पीनं दोर वळवा.

आता करंट. दोन टनाची विंच रिकामी फिरली तर थोडंच खाते, जोरात आली की २०० अँपिअर आणि वर. मिनी ट्रॅक्टरचा अल्टरनेटर साधारण ३५-४० चा, म्हणजे विंच चालते ती बॅटरीवर, अल्टरनेटर फक्त नंतर भरपाई करते. हिशोब सोपा आहे, २०० अँपिअरनं तीन मिनिटं ओढलं तर १० एएच (अँपिअर-तास) गेले, अल्टरनेटरमधून २० अँपिअर बॅटरीला मिळाले तरी भरायला अर्धा तास लागते. तुमची बॅटरी ६५-७५ एएचची चांगली असेल तर एवढ्यानं भागते, जुनी असेल तर आधी ती बदला. इंजिन चालू ठेवूनच ओढा, हँड थ्रॉटल दीड हजार आरपीएमच्या वर. आणि मोटरलाही दम द्या, या मोटरी सतत चालायसाठी नसतात, पूर्ण लोडवर मिनिटभर ओढलं की दहा-पंधरा मिनिटं थांबा. मे महिन्यात आपल्याकडं ४५ डिग्री असते तेव्हा तर अजून जास्त.

वायर हीच खरी गोष्ट आहे आणि सगळ्यात जास्त कंजूसी तिथंच होते. बॅटरी समोर, विंच मागे, वळणं धरून चार मीटर, जाणं-येणं मिळून आठ. १६ स्क्वेअर एमएमची वायर टाकली तर २०० अँपिअरला पावणेदोन व्होल्ट वायरमध्येच जातात. ३५ स्क्वेअरची टाकली तर पाऊण-एक व्होल्ट. बॅटरी स्वतःच लोडवर ११ पर्यंत उतरते, म्हणजे पातळ वायरीत विंचला सव्वानऊ मिळाले. व्होल्ट पडले की कॉन्टॅक्टर, म्हणजे विंचचा मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, टर्रर्र आवाज करायला लागते, आतले पॉइंट जळतात, आणि कधी चिकटून बसतात, मग बटण सोडलं तरी विंच थांबत नाही. ३५ ची वेल्डिंग केबल घ्या, तांब्याची. अ‍ॅल्युमिनियमचीही मिळते, वरून सारखीच दिसते, टोक चाकूनं खरवडून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. लग, म्हणजे वायरीच्या टोकाला बसवायची छिद्राची चकती, हातोडीनं ठोकून बसवतात ते चालत नाही, हायड्रॉलिक क्रिम्परवाल्याकडून दाबून घ्या. काम झालं की एक मिनिट लोड देऊन विंच थांबवा, विंचचा कट-ऑफ स्विच (खाली सांगतो) बंद करा आणि एकेक लग हातानं चाचपून पाहा, जो चटका देईल तो ढिला आहे, परत करून घ्या.

निगेटिव्हसुद्धा सरळ बॅटरीपर्यंत न्या, बॉडी अर्थवर भरवसा नको, रंग आणि गंज मधे येतो. बॅटरीजवळ कट-ऑफ स्विच लावा, ट्रकला असते तसा, २०० च्या वरच्या करंटचा, आणि तो सीटवरून हाताला आला पाहिजे. पण तो फक्त विंचच्या पॉझिटिव्ह वायरीत लावा, ट्रॅक्टरच्या मेन लाइनमध्ये नको. चालू इंजिनवर बॅटरी सुटली की अल्टरनेटरचे डायोड उडतात. फ्रेम काढा-घालायची असल्यानं मधे फोर्कलिफ्टच्या बॅटरीला असते तसा १७५ अँपिअरचा मोठा प्लग टाका, थोडा वेळ त्याच्यावरून जास्त गेलं तरी तो झेलते. वायर सायलेन्सरपासून आणि पीटीओपासून दूर, जाड पाइपात घालून न्या.

झाड उपटायच्या वेळेस खोड बुडातून कापू नका. कमरेएवढं ठेवा, तेच तुमची पहार आहे. पट्टा खोडाच्या वरच्या भागाला बांधा, आदल्या दिवशी आळ्यात पाणी सोडा, बाजूच्या जाड मुळ्या कुऱ्हाडीनं तोडा, मग एका बाजूनं ओढून सैल करा आणि ट्रॅक्टर फिरवून दुसऱ्या बाजूनं. ट्रॉलीचं उलट आहे, तिथं आधी माल उतरवा. एक्सलपर्यंत गाऱ्यात गेलेल्या ट्रॉलीला काढायला जवळपास तिच्या वजनाएवढा जोर लागते. चाकांसमोर फावड्यानं उतार करून घ्या, अर्धं काम तिथंच होते.

दोर स्टीलचा की प्लास्टिकचा, हे कुणीतरी नक्की विचारेल. सिंथेटिक दोर हलका, तुटला तर कमी झेपावते, पण काळ्या मातीची कच त्यात घुसून आतून कापते आणि आपलं ऊनही त्याला खाते. वावराच्या कामाला मी स्टील सांगतो. हातमोजे घाला, ताणलेल्या दोरावर मधोमध ओलं पोतं टाका, आणि दोराच्या लांबीएवढ्या अंतरात कोणी उभं राहू नये, पोरं तर अजिबात नाही. ताणलेला दोर ओलांडायचा नाही.

शेवटचं, आणि हे हात जोडून सांगतो. विहिरीतला गाळ काढायला, मोटर वर घ्यायला, माणूस खाली सोडायला ही विंच वापरू नका. ही आडवं ओढायची आहे, हिचा ब्रेक लटकलेलं वजन धरायसाठी केलेला नसते. विहिरीला यारीच आणा.

अल्टरनेटरच्या प्लेटवरचा अँपिअरचा आकडा, बॅटरीचा एएच आणि मागच्या तिन्ही पिनांमधलं अंतर टाका इथं, फ्रेमचं मापासहित स्केच काढून देतो.