शिबिराच्या चिठ्ठीवर काय लिहिलंय?

पावसाळा सरत आला की आपल्या मराठवाड्यात आरोग्य शिबिरं सुरू होतात. गणपती मंडळं, बचतगट, १७ सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम दिन, पुढाऱ्यांचे वाढदिवस. शाळेच्या व्हरांड्यात टेबलं लागतात, दंडाला पट्टा बांधतात, बोटाला सुई टोचतात आणि हातात एक चिठ्ठी देतात. पुढं काय करायचं, हे मात्र सांगायचं राहून जातं. यावेळी आलेले बरेचसे प्रश्न त्या 'पुढं'चेच आहेत.

मी ५२ वर्षांची आहे. गावातल्या शिबिरात माझं बीपी १५८/९६ निघालं. पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, त्या संपल्या. मला काहीच त्रास नाही. मग गोळी कशाला चालू ठेवायची? (कळंब तालुका)

ताई, त्रास नाही म्हणूनच या आजाराची मला भीती वाटते. मी ज्या रुग्णालयात काम करायचो, तिथं एका पहाटे पंचावन्नच्या आसपासच्या शेतकऱ्याला लकवा मारलेल्या अवस्थेत आणलं. सोबत आलेल्या बायकोनं पिशवीतून रेशनकार्ड काढलं आणि त्याच्या घडीतून शिबिराची चिठ्ठी. दीड वर्षापूर्वीची. बीपी १७०/१००. चिठ्ठी त्यांनी नीट जपली होती, पण तिच्यावर काय लिहिलंय ते कुणी त्यांना वाचून दाखवलं नव्हतं. ती चिठ्ठी हातात घेतल्यावर काय वाटलं, ते आजही आठवतं.

आता तुमचं. एका दिवसाच्या एका मोजणीवरून बीपी पक्कं ठरत नाही. रांगेत उभं राहून, उन्हातून चालत येऊन मोजलं तर ते वाढलेलं दिसू शकतं. तुमच्या गावच्या किंवा शेजारच्या गावच्या उपकेंद्रात जा. आता त्यावर 'आयुष्मान आरोग्य मंदिर' अशी पाटी असते. तिथं समुदाय आरोग्य अधिकारी असतात. तिशीपुढच्या प्रत्येकाचं बीपी आणि शुगर तपासणं हे त्यांचं नेमून दिलेलं काम आहे, तुमच्यावर उपकार नाहीत. जाण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, मिसरी नको. पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा, हात टेबलावर ठेवा, बोलू नका, मग मोजून घ्या. दोनदा. आणखी एखाद्या दिवशी पुन्हा. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९०, यातला एक जरी वेगवेगळ्या दिवशी तेवढा किंवा त्याहून जास्त भरला, तर बीपी आहे असं धरायचं. १८०/११० च्या पुढं गेला तर वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांकडं.

गोळी लागली तर ती बहुतेकांना कायमची लागते. बीपी नॉर्मल आलं ते गोळीमुळं आलेलं असतं, म्हणून बरं वाटलं की बंद करायची नाही. बीपीच्या नेहमीच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचे पैसेही लागत नाहीत. मिठाचं म्हणाल तर माणशी दिवसाला एक लहान चमचा, सगळं धरून. आपल्याकडं ते भाजीपेक्षा लोणचं, पापड, ठेचा आणि खारातल्या मिरच्यांतून जास्त जातं. तिथून सुरुवात करा.

एक लॅब आमच्या कॉलनीत येऊन दोन हजारांत सत्तर तपासण्या करून देणार आहे. मी निवृत्त शिक्षक आहे, वय ६७. करून घेऊ का? (लातूर)

सर, माझा सल्ला नको असा आहे. सत्तर तपासण्या केल्या की एखादा आकडा रेषेबाहेर जाणारच, आणि मग त्या आकड्यामागं तुम्ही तीन डॉक्टर फिराल. तुमच्या वयाला बीपी, शुगर, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), हिमोग्लोबिन, डोळ्यांची तपासणी (मोतीबिंदू आणि काचबिंदू दोन्ही) आणि तोंड उघडून आतून नीट पाहणं, एवढं आधी करा. तंबाखू खात असाल तर शेवटचं सोडू नका. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी. यातलं जवळपास सगळं सरकारी दवाखान्यात होतं. वाचलेल्या पैशांत घरी बीपीचं चांगलं यंत्र घ्या.

आई ३८ वर्षांची आहे. आई-वडील दरवर्षी कोयता घेऊन ऊस तोडायला कारखान्यावर जातात. पाळीत आईच्या अंगावरून फार जातं, दहा-दहा दिवस. टोळीतल्या बायका म्हणतात, पिशवी काढून टाक, कटकट जाईल आणि खाडाही पडणार नाही. दिवाळीनंतर ते निघतील. काय करू? (धारूर तालुका)

बाळा, तू विचारलंस हे फार चांगलं केलंस. या प्रश्नाला मी जरा सविस्तर उत्तर देणार आहे, कारण घाईनं घेतलेल्या याच निर्णयाची किंमत आपल्या जिल्ह्यातल्या हजारो बायकांनी मोजली आहे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची पाहणी झाली. ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. त्यातल्या कितीतरी तुझ्या आईसारख्या ऐन उमेदीत होत्या. त्यानंतर बीडमध्ये खासगी दवाखान्यांना हे ऑपरेशन करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागू लागली. म्हणून कुणी 'उद्याच करू' म्हणालं तर आधी हा प्रश्न विचार: परवानगी घेतली का?

अंगावरून जास्त जाणं हा आजार नाही, लक्षण आहे. कारणं अनेक असतात: पिशवीतली गाठ, हार्मोनचा बिघाड, थायरॉइड, जंतुसंसर्ग. बहुतेकांवर गोळ्यांनी उपचार होतो. काहींना पिशवीत बसवायच्या औषधी तांबीनं फरक पडतो. आणि ऑपरेशन लागलंच, तर ते शेवटी. पिशवीसोबत अंडाशयंही काढली तर ३८ व्या वर्षीच रजोनिवृत्ती येते, अंगाची आग होते, हाडं लवकर ठिसूळ होतात. मग मोळी डोक्यावर घेऊन गाडीवर चढवणाऱ्या बाईचं काय होईल, ते तूच बघ.

या आठवड्यात हे कर. आईला ग्रामीण रुग्णालयात ने. जमलं तर अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात स्त्रीरोग विभागात. हिमोग्लोबिन, थायरॉइड, सोनोग्राफी आणि आतून तपासणी, इतकं झाल्याशिवाय पुढचं काही ठरवू नका. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर लोहाच्या गोळ्या सुरू होतील. त्या चहासोबत घ्यायच्या नाहीत, लिंबूपाणी चालेल. ७ च्या खाली असेल तर त्या अवस्थेत तिला फडावर पाठवू नका, उचल घेतलेली असली तरी. मुकादमाशी बोलताना डॉक्टरांचा कागद हातात असू दे. आणि निघताना सगळे रिपोर्ट एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पुरतील तेवढ्या गोळ्यांसह सोबत द्या. कारखान्याच्या गावातला डॉक्टर आईला ओळखत नसतो, त्याला कागदच सगळं सांगणार.

मी आशा कार्यकर्ती आहे. तिशीपुढच्या बायकांना गर्भाशयाच्या मुखाच्या तपासणीला या म्हणते, तर लाजून येत नाहीत. 'आम्हाला काय झालंय?' म्हणतात. कसं समजावू? (उमरगा तालुका)

ताई, त्यांना त्यांच्याच जिल्ह्याची गोष्ट सांगा. १९९९ पासून धाराशिव जिल्ह्यातल्या ४९७ गावांत ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास झाला. मुंबईचं टाटा हॉस्पिटल आणि बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटल त्यात होतं. ज्या गावांत एकदाच एचपीव्हीची (हा कॅन्सर करणाऱ्या विषाणूची) तपासणी झाली, तिथं गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरनं मरणाऱ्या बायकांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. २००९ मध्ये तो निष्कर्ष छापून आला आणि जगभरातल्या डॉक्टरांनी वाचला. गावोगावच्या ज्या बायका तेव्हा लाज बाजूला ठेवून तपासणीच्या टेबलावर झोपल्या, त्यांच्यामुळं हे कळलं. तुमच्या गावातली एखादी आजी त्यात असेल तर शोधा आणि तिलाच बोलू द्या. आपण दोघांनी दहा वेळा सांगण्यापेक्षा ते लवकर पटेल.

उपकेंद्रात सध्या बहुतेक ठिकाणी व्हीआयए होते. मुखाला सौम्य ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरसारखं पाणी लावतात, मिनिटभर थांबतात आणि पांढरा डाग उठतो का ते बघतात. खरं सांगायचं तर धाराशिवच्या अभ्यासात एकदाच केलेल्या व्हीआयएचा ठळक फायदा दिसला नव्हता. मुंबईत मात्र दर दोन वर्षांनी करत राहिल्यावर मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. म्हणून 'एकदा झालं, सुटलो' असं सांगू नका. डाग दिसलेल्या बाईसोबत पुढच्या दवाखान्यापर्यंत तुम्ही किंवा सिस्टर जा. एकटीला चिठ्ठी देऊन पाठवलं तर ती बहुतेक वेळा घरीच परतते.

लाजेचा उपाय साधा आहे. पुरुष कर्मचारी त्या खोलीकडं फिरकणार नाही याची हमी, दाराला पडदा, आणि दोघी-तिघींना एकदम बोलावणं. सोबतच प्रत्येकीचं तोंड बघा. मिसरी लावणाऱ्या बाया ते सांगत नाहीत, हिरड्या सांगतात. तोंडातली न भरणारी जखम किंवा पांढरा चट्टा दोन आठवड्यांहून जुना असेल तर पुढं पाठवा. सोडायची इच्छा असेल तिला १८००-११-२३५६ हा फुकट नंबर द्या.

बचतगटाच्या योगवर्गाला सासूबाई जातात. गुडघे दुखतात, बीपीही आहे. जाऊ द्यावं का? (सेलू)

जरूर जाऊ द्या. मांडी घालायचा हट्ट नको, खुर्चीवर बसून करू द्या. बीपी आटोक्यात नसेल तर जोरजोरात कपालभाती नको, श्वास कोंडून धरणं नको, डोकं खाली करायची आसनं नकोत. वर्गात गप्पा होतात, त्याही औषधच समजा.

लहान भावाचं सोयाबीन पाण्यात गेलं, कर्ज आहे. महिनाभर झोपत नाही, बोलत नाही, जेवत नाही. शिबिरात दाखवलं तर शक्तीची इंजेक्शनं दिली. (भोकरदन तालुका)

दादा, हे अशक्तपणाचं दुखणं नाही, सुईनं जाणार नाही. आज भावाला एकट्याला बाजूला घ्या आणि थेट विचारा, 'मरणाचे विचार येतात का?' विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात येत नाही, उलट मनातलं ओझं बोलायला वाट मिळते. 'हो' म्हणाला तर रागावू नका, शपथा घालू नका, त्याला एकटं सोडू नका. फवारणीची औषधं आजच घरातून आणि शेतातल्या खोपीतून हलवून दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवा. ते घातक क्षण बऱ्याचदा थोड्या वेळात ओसरतात. त्या वेळी हाताशी विष नसलं तर माणूस वाचतो.

१४४१६ हा टेली मानसचा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात. जालन्याच्या जिल्हा रुग्णालयात मानसिक आजारांचा विभाग आहे, तिथं उद्याच न्या. जीव देण्याचं ठरवल्यासारखं बोलत असेल तर रात्र काढू नका, आत्ताच १०८ ला फोन करा. गोळ्या लागल्या तर असर दिसायला दोन-तीन आठवडे जातात, तोवर कुणीतरी सतत सोबत हवं. कर्जाचं बँकेशी तुम्ही बोला, ते काम त्याच्यावर सोडू नका. आणि पहिला फोन त्याला शेजारी बसवून तुम्हीच लावा.