चौतिशीतच चेहऱ्याची कातडी सैल पडली आहे. हा आजार असू शकतो का? तपासणी कोणती करतात?

वजन घटलेलं नाही, तरी वर्षभरात गाल नि डोळ्यांखालची कातडी ओघळली आणि पार्लरवाल्यांनी मशीनने ताणून द्यायचं पॅकेज सांगितलं, असं तुम्ही लिहिलंय. पॅकेजचे पैसे तूर्त खिशातच ठेवा.

मी कोल्हापुरात त्वचारोगाची प्रॅक्टिस करतो. असा पेशंट आला की आधी जुने फोटो मागतो. सैलपणा कधीपासूनचा ते त्यात दिसतं. मग कातडी चिमटीत धरून ओढायची आणि सोडायची. लांब ताणली जाते पण सोडताच झटकन जागेवर बसते, शिवाय बोटांचे सांधेही नको तितके वाकतात, तर एहलर्स-डॅनलॉसचा (कातडी नि सांधे जन्मतः सैल असण्याचा आजार) संशय. रेंगाळत परत जात असेल, घड्या लोंबत असतील, तर क्युटिस लॅक्सा, म्हणजे कातडीला ताण देणारे लवचीक तंतू खराब होण्याचा आजार. मानेवर, काखेत पिवळसर बारीक दाणे, पिसं उपटलेल्या कोंबडीसारखी कातडी दिसली तर स्यूडोझँथोमा इलास्टिकम (याच तंतूंत कॅल्शियम साचण्याचा आजार); मग डोळ्यांचा पडदा तपासायलाच हवा, कारण त्यात नजर जाऊ शकते.

हे आजार दुर्मिळ. बहुतेकांना उन्हानेच मारलेलं असतं, विशेषतः रानात किंवा दिवसभर गाडीवर फिरणाऱ्यांना. दंडाच्या आतली कातडी बघा. ती घट्ट आणि चेहराच तेवढा सैल, तर ऊन हा पहिला आरोपी.

तुमचं वर्षभरातच झालंय, म्हणून विचारतो: आधी अंगावर गांधी उठल्या होत्या? पापण्या वारंवार सुजायच्या? नवीन औषध सुरू होतं? मोठेपणी होणाऱ्या क्युटिस लॅक्सामागे कधीकधी रक्तातल्या प्रथिनांचा आजार निघतो, त्यासाठी रक्ताची इलेक्ट्रोफोरेसिस तपासणी करतात. धाप लागत असेल तर छातीचा एक्स-रे आणि इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी.

बायोप्सी लागलीच तर जागा बधिर करून छोटासा तुकडा काढतात. चिठ्ठीवर मात्र ‘इलास्टिक स्टेन’ (लवचीक तंतू दाखवणारा खास रंग) लिहून घ्याच. नेहमीच्या रंगात हे तंतू धड दिसत नाहीत आणि ‘विशेष काही नाही’ असा रिपोर्ट हातात पडतो.

चेहऱ्याची एकच बाजू अचानक लोंबली तर कातडीचा विचार सोडा, तो लकवा असू शकतो, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या त्वचा विभागात दाखवलंत तरी चालेल. जाताना चेहऱ्याला लावलेल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून न्या, गोरं व्हायला मेडिकलमधून आणलेलीसुद्धा. त्यात बरेचदा स्टिरॉइड असतं आणि त्याने कातडी पातळ होते, हे पेशंट सहसा सांगतच नाहीत.