सहारातलं तासिली सायप्रस हे झाड वर्षाला 30 मिमी पावसात जगतं, मग त्याचं बी ऑनलाइन मागवून मराठवाड्यात लावलं तर?

नका लावू. पावसाचा आकडा वाचला की आपल्याकडच्या उत्साही मंडळींना लगेच बीड-लातूर आठवतं. या वादाचा मला कंटाळा आलाय.

अल्जीरियात जानेत गावाच्या वरच्या तासिली पठारावर, 1000 ते 1800 मीटरवर, ही झाडं उरली आहेत. या शतकाच्या सुरुवातीच्या मोजणीत जिवंत झाडं 233 भरली. सगळी वाळूदगडाच्या कड्यांमधल्या कोरड्या ओढ्यांच्या पात्रात किंवा काठाला. पाऊस नावापुरता, झाड जगतं ते पात्राखालच्या ओलीवर, आणि तिथवर म्हाताऱ्या झाडांचीच मुळं पोचलेली. नवं रोप उगवलं तरी मूळ खाली जाण्याआधी वरची वाळू सुकते, त्यातून वाचलं तर शेळ्या-उंट खातात. म्हणजे 30 मिमीत हे झाड टिकून आहे, त्याची संख्या वाढत नाही.

त्यात बी बहुतांशी पोचट. शिवाय 2001 मध्ये सिद्ध झालं की याचा गर्भ फक्त परागातून तयार होतो, बी धरणाऱ्या झाडाचा आनुवंशिक वाटा शून्य. साध्या भूमध्य सायप्रसवर याचे पराग टाकले तरी रोप तासिलीचंच निघालं! त्यामुळे बी कुठल्या झाडावरून काढलं एवढं सांगणाऱ्या विक्रेत्यावर विसंबू नका.

तरी हौस असेलच तर आधी दहा बिया ब्लेडने चिरा. आत पांढरा भरीव गर नसेल तर पाकीट फेकून द्या. बाकीच्या 24 तास भिजवून, ओलसर वाळूत घालून फ्रिजमध्ये 4 अंशांना तीन-चार आठवडे ठेवा. मग भरड वाळू आणि बारीक खडीच्या मिश्रणात अर्धा सेंमी खोल पेरा. पिशवी उथळ नको, मूळ तळाशी गोल फिरतं आणि पुढे झाड कलंडतं. पाणी सकाळी, तेही वरचा थर सुकल्यावरच. संध्याकाळी दिलंत तर कोवळी रोपं बुडाशी कुजून आडवी होतात. काळ्या मातीचं तर नावच नको, पावसाळ्यात पाणी साचून मुळं सडतील.

परदेशी बियाला आयात परवाना आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, पाकिटावर विक्रेता काहीही छापो.

गच्चीवर एखादं कुंडीत वाढवायला माझी हरकत नाही. पण दुष्काळी माळासाठी झाड हवं असेल तर अंजन लावा, हिवर लावा. पहिली दोन वर्षं कुंपण मात्र घाला, शेळ्या आपल्याकडेही आहेत.