इन्फ्युजन पंपाचं सॉफ्टवेअर फॉर्मल लॉजिकने तपासतात, म्हणजे नेमकं काय करतात?

तुमचा प्रश्न: नुसत्या टेस्टिंगने भागत असताना शरीरात ठरावीक मात्रेत औषध सोडणाऱ्या या पंपाचं मॉडेल बनवून ते तर्काने तपासायची गरज काय?

टेस्टिंगमध्ये आपल्याला सुचलेले प्रसंग तपासले जातात. मॉडेल चेकर, म्हणजे मॉडेलच्या सगळ्या शक्य अवस्था तपासणारं सॉफ्टवेअर, न सुचलेलेही धुंडाळतो. मात्र त्याला काय विचारायचं ते आपणच ठरवायचं असतं, आणि घाम गळतो तो तिथेच.

पीसीए पंप घ्या. ऑपरेशननंतर रुग्ण स्वतः बटण दाबून मॉर्फिन घेतो, तो. समजा सेटिंग असं आहे: एका डोसला 1 मिग्रॅ, दोन डोसमध्ये 6 मिनिटांचं लॉकआउट (तेवढ्यात बटण दाबलं तरी डोस नाही), 4 तासांत जास्तीत जास्त 30 मिग्रॅ.

आता, 'चार तास' म्हणजे कुठले? सोपा मार्ग म्हणून कोडमध्ये दर चार तासांनी मोजणी शून्यावर आणली: 8 ते 12, 12 ते 4. एकतिसावा डोस नाकारला जातो का, ही टेस्ट आरामात पास होते. पण नियम असा लिहून बघा: 'कुठल्याही क्षणी मागच्या 4 तासांची बेरीज 30 पेक्षा जास्त नसावी.' चेकर लगेच प्रतिउदाहरण काढून देतो. पहिला डोस 9 वाजता, मग दर 6 मिनिटांनी एक, 11:54 ला तिसावा. 12 वाजता मोजणी शून्य. 12:54 पर्यंत आणखी दहा. चार तासांच्या आत 40 मिग्रॅ गेलं आणि पंपाने हूं की चूं केलं नाही.

मॉडेलमध्ये पंप एकटा ठेवू नका. पंप, रुग्ण आणि नर्स अशी तीन यंत्रं करा, प्रत्येकाच्या अवस्था वेगळ्या. पंपाच्या: बंद, तयार, डोस चालू, लॉकआउट, अलार्म. बॅटरी काढणं ही घटनासुद्धा घाला, ती हमखास राहून जाते. पंप पुन्हा सुरू झाल्यावर लॉकआउटची उरलेली मिनिटं त्याच्या लक्षात असतात का, हा प्रश्न मग आपोआप पुढे येतो.

पुढची अडचण आकाराची. 6 मिनिटांचा एक ठोका धरला तर 4 तासांचे 40 ठोके, प्रत्येकात डोस गेला किंवा नाही. नुसत्या या इतिहासाच्याच शक्यता 2 चा 40 वा घात, म्हणजे लाख कोटीच्या वर. म्हणून प्रमाण राखून छोटं करायचं: 8 ठोक्यांत 6 डोस. शक्यता उरतात 256, आणि वरची चूक तशीच सापडते. पण छोटं करताना काही चुका झाकल्याही जातात. थेराक-25 या रेडिएशन यंत्रात एका बाइटचा काउंटर दर 256 व्या वेळी शून्य व्हायचा आणि त्या फेरीत एक सुरक्षा तपासणी गाळली जायची. 1987 साली अमेरिकेत याकिमाला झालेल्या अपघाताचं मूळ तेच. आठपर्यंतच मोजणाऱ्या मॉडेलला हे कधीच दिसणार नाही. असा ओव्हरफ्लो, म्हणजे काउंटर भरून पुन्हा शून्यावर येणं, खऱ्या कोडवर वेगळा तपासा.

'सगळे नियम पास' दिसलं की नवखे खूश होतात. तिथे थांबून उलटं विचारा: 'दार उघडं असताना डोस जात नाही' हे खरं ठरलं, पण या मॉडेलमध्ये दार उघडू तरी शकतं का? मॉडेलच्या आकृतीत 'दार उघडं' या अवस्थेकडे नेणारा बाण काढायचा राहिला असेल तर नियम फुकटच खरा ठरतो. म्हणून प्रत्येक 'जर' घडू शकतो का, हे आधी तपासायचं.

चेकर म्हणून हत्यार कुठलं, याने फार फरक पडत नाही. घड्याळं असलेल्या मॉडेलला उप्पाल सोयीचं; ठोक्यांवर भागत असेल तर न्यूएसएमव्ही (NuSMV) फुकट मिळतं.

शेवटचं, सर्वांत महागात पडणारं. बॅगेत 1 मिलीला 5 मिग्रॅ औषध आहे आणि नर्सने 1 टाइप केलं. पंप इमानदारीत 1 मिली सोडतो, रुग्णाला पाचपट जातं. मॉडेलमध्ये 'टाइप केलेली तीव्रता' आणि 'बॅगेतली तीव्रता' हा एकच आकडा धरला असेल तर चेकर काही बोलणार नाही. दोन वेगळे आकडे ठेवा. मग नियम फेल होईल, आणि बॅगेचा बारकोड स्कॅन झाल्याशिवाय 'तयार' अवस्थेत जाता येणार नाही, अशी अट घालेपर्यंत फेलच होत राहील.