बौद्ध धम्मात आत्मा नाही, तर पुनर्जन्म कोणाचा होतो? आणि पूर्वजन्म जाणणारा ज्ञानप्राप्त गुरू करावा का?

पहिला भाग थोडक्यात उरकतो. मिलिंद राजाने नेमके हेच विचारले, तेव्हा नागसेन स्थविरांनी रात्रभर जळणाऱ्या दिव्याचे उदाहरण दिले: पहिल्या प्रहरातील ज्योत शेवटच्या प्रहरात तीच राहत नाही आणि तिला निराळीही म्हणता येत नाही. एकच विज्ञान, म्हणजे जाणीव, या देहातून त्या देहात भटकते, असे सांगणाऱ्या साती नावाच्या भिक्खूला तर खुद्द बुद्धांनी सर्वांदेखत फटकारले होते. परंपरा सातत्य मानते. एक देह सोडून दुसऱ्यात जाणारा ‘कोणीतरी’ ती मानत नाही.

दुसऱ्या भागावर मात्र मला सविस्तर लिहायचे आहे, कारण असे एक ‘ज्ञानप्राप्त’ गुरू आमच्या घरी येऊन गेले आहेत. वडिलांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी भन्तेजी भोजनदान घेऊन परतल्यावर माझे थोरले मामा त्यांना घेऊन आले. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांपुढच्या मेणबत्त्या अजून जळत होत्या आणि माझी धाकटी बहीण पाहुण्यांची ताटे उचलत होती. तिला लहानपणीच पोलिओ झाल्याने ती डाव्या पायात आधाराचा कॅलिपर घालते, आणि बसून उठताना त्याचा गुडघ्याजवळचा सांधा खट्कन वाजतो. तो आवाज ऐकून गुरूंनी डोळे मिटले आणि भरल्या घरात जाहीर केले की, गेल्या जन्मी या मुलीने मुक्या जनावराचा पाय मोडला होता. बहिणीने ताटे खाली न ठेवताच विचारले, “मग त्या जनावराला कॅलिपर कोणी बसवून दिला?” कोणी हसले नाही. पुढे आई पेन्शनमधून दोषनिवारणासाठी त्या गुरूंकडे गुपचूप पैसे पाठवू लागली, हे आम्हाला फार उशिरा कळले.

मामांचा युक्तिवाद असा की, बोधीच्या रात्री पहिल्या प्रहरी बुद्धांना आपले पूर्वजन्म आठवले, तर आमच्या गुरूंना दुसऱ्यांचे का दिसू नयेत? पण दिसले तरी सगळे दुःख पूर्वकर्मातूनच येते, हे कुठे ठरते? संयुत्त निकाय या बुद्धवचनांच्या संग्रहात मोळियसीवक नावाच्या परिव्राजकाने, म्हणजे फिरत्या संन्याशाने, बुद्धांना विचारले आहे की, माणसाला जे सुखदुःख होते ते सगळे पूर्वकर्मामुळेच, असे काहीजण म्हणतात, ते खरे का? बुद्धांनी आठ कारणे मोजून दाखवली: पित्त, कफ, वात, तिघांचा सन्निपात, ऋतुबदल, आहारविहारातील विषमता, बाहेरून झालेला आघात, आणि आठवे कर्मविपाक, म्हणजे कर्माचे फळ. सगळे खापर पूर्वकर्मावर फोडणारे स्वतःच्या अनुभवालाही सोडून बोलतात आणि जगाने सत्य मानलेल्या गोष्टीलाही, असे त्यांनी स्पष्ट म्हटले. भारतात नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला. त्यानंतर जन्मलेल्या कोट्यवधी बालकांची पूर्वकर्मे एकाएकी निर्मळ झाली, की घरोघरी लस पोहोचली?

राहिला प्रश्न ‘ज्ञानप्राप्त’ या बिरुदाचा. वज्जींच्या प्रदेशात दुष्काळ पडला असता वग्गुमुदा नदीकाठचे भिक्खू गृहस्थांपुढे एकमेकांच्या सिद्धींचे गोडवे गाऊन पोटभर जेवू लागले, आणि त्यावरून विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमावलीत, नियम आला की नसलेल्या सिद्धीचा जाणूनबुजून दावा करणारा भिक्खू संघातून बाद होतो. सिद्धी खरी असली तरी ती गृहस्थांना सांगणे हाही दोषच ठरवला गेला. जे भिक्खूला निषिद्ध ते माळ घातलेल्या गृहस्थाला भूषण कसे ठरते, याचे उत्तर मामांनी अद्याप दिलेले नाही. ज्यांना आजोबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी खांद्यावर बसवून नागपूरला नेले होते, त्या मामांनी हे करावे, याचे मला अधिक वाईट वाटते. पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी राज्यावरून आणि समाजावरून झटकण्यासाठी आहे, असे बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बजावले आहे. मामांच्या घरी तो ग्रंथ लाल कापडात बांधून ठेवलेला असतो.

ध्यान शिकायचे तर शिकवणारा हवा, आणि चांगला कल्याणमित्र, म्हणजे धम्माच्या वाटेवर साथ देणारा, भेटला तर त्याला सोडू नये, हेही सांगतो. मात्र जो तुमच्या दुःखाचा मागच्या जन्मीचा हिशेब मांडतो, त्याला चहा पाजून वाटेला लावावे. प्राण्यांना इजा करणारा पुढे रोगी जन्मतो, असे चूळकम्मविभंग सुत्तात, म्हणजे बुद्धांच्या त्या नावाच्या उपदेशात, आहे हेही खरे, आणि मामा हल्ली तेच पुढे करतात. पण समोरच्या मुलीचा पाय नेमका कोणत्या कर्माचे फळ, हे सांगण्याची मुभा त्यातून कोणालाही मिळत नाही. कर्मविपाक हा अचिंतनीय विषय आहे आणि त्याचा खल करणाऱ्याच्या वाट्याला वेड येते, असे अंगुत्तर निकायाच्या चतुक्कनिपातात बुद्धांनीच सांगून ठेवले आहे. मामा हे वाचत असतील तर त्यांनी ते सुत्त काढून पाहावे, आणि जमल्यास गुरूंनाही वाचून दाखवावे.